भोजनातील मात्रा : राजा पसेनदीच्या ताटापासून आपल्या ताटापर्यंत

वजन कमी करण्याचा विषय निघाला की वस्तीत दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे रात्रीचे जेवण बंद कर. दुसरा म्हणजे अमुक पावडर घे, महिन्यात पाच किलो उतरते. पहिल्या सल्ल्याने माणूस चार दिवस उपाशी राहतो आणि पाचव्या दिवशी दुप्पट जेवतो. दुसऱ्या सल्ल्याने खिसा हलका होतो, वजन तेवढेच राहते. या दोन्हींपेक्षा वेगळा एक मार्ग तिपिटकात नोंदवलेला आहे. भगवान बुद्धांनी तो एका राजाला दाखवला आणि त्या राजाने तो स्वतःच्या ताटावर आजमावला. आजचे आहारशास्त्र त्या मार्गाच्या बरेच जवळ आले आहे. बौद्ध तरुणांना आणि कार्यकर्त्यांना हा मार्ग माहीत असावा, म्हणून हा लेख.

कोसलराजाचे जेवण

संयुत्त निकायात कोसल संयुत्त नावाचा भाग आहे. त्यातील दोणपाक सुत्तात कोसल देशाचा राजा पसेनदी याची गोष्ट येते. राजा रोज एक दोण मापाच्या तांदळाचा भात खात असे. एके दिवशी असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो श्रावस्तीला भगवंतांच्या भेटीला आला. भगवंतांनी त्याची अवस्था ओळखली. त्यांनी त्याला लठ्ठ म्हणून हिणवले नाही, उपवास सांगितला नाही, कोणता पदार्थ वर्ज्यही केला नाही. त्यांनी एक गाथा सांगितली. तिचा आशय असा की, जो माणूस सतत जागरूक असतो आणि मिळालेल्या अन्नात आपली मात्रा ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात, अन्न सावकाश पचते आणि आयुष्य जपले जाते.

राजाने पुढे जे केले ते फार महत्त्वाचे आहे. त्या वेळी सुदस्सन नावाचा तरुण त्याच्या मागे उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला सांगितली आणि आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी ती म्हणण्याचे काम दिले. त्यासाठी रोज शंभर कार्षापण देण्याचे ठरवले. अट्ठकथेत आणखी तपशील आहे. राजाचे जेवण संपत आले की सुदस्सन गाथा म्हणायचा. ती ऐकून राजा हातातला शेवटचा घास खाली ठेवायचा. त्या घासात जितकी शिते असतील तितके तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवले जायचे. असे करता करता राजा दोणावरून नाळीवर, म्हणजे कितीतरी लहान मापावर आला. शरीर सडपातळ झाले, अंगात हलकेपणा आला. तेव्हा, भगवंतांनी आपल्या या जन्मीच्या हिताचीही करुणा केली, असे उद्गार त्याने काढले.

या गोष्टीत चार बाबी आहेत. बदल एका घासाचा होता, अर्ध्या ताटाचा नव्हता. आठवण करून देणारा एक माणूस होता. आठवण नेमकी जेवतानाच होत होती, नंतर पश्चात्तापाच्या वेळी नव्हे. आणि स्वयंपाकघरात शिजणारे मापच कमी झाले होते, त्यामुळे रोज मनाशी झगडावे लागत नव्हते. आजचा आहारतज्ज्ञ वर्तनबदल म्हणून जे सांगतो, ते यात जवळजवळ सगळे आले.

उपाशी राहण्याचा मार्ग भगवंतांनी सोडला होता

भूक मारणे हा धम्माचा मार्ग नाही, हे सिद्धार्थ गौतमाच्या चरित्रातूनच कळते. त्यांनी कठोर देहदंडन केले. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागावा, इतके शरीर कृश झाले. त्या मार्गाने प्रज्ञा मिळत नाही, हे त्यांनी अनुभवातून जाणले आणि अन्न घेतले. सुजाताच्या खिरीची आठवण आपण दरवर्षी वैशाख पौर्णिमेला ठेवतो. त्या खिरीचा अर्थ असा, की उपाशी शरीराला आधी अन्न हवे. भिक्खूने भोजनापूर्वी जे चिंतन करायचे असते, त्यातही हाच समतोल आहे. भुकेची जुनी वेदना मिटावी आणि अति खाण्याची नवी वेदना उपजू नये, एवढ्यासाठीच अन्न घ्यायचे.

उपासमारीने काय होते याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे सगळे स्वेच्छेने आलेले होते. वजन उतरले, पण त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय काही राहिले नाही. चिडचिड वाढली, उदासी आली, लक्ष लागेना. पोटभर अन्न मिळू लागल्यावर अनेकांना पोट भरल्याची जाणीवच होईना आणि ते खातच राहिले. क्रॅश डाएट केलेल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. त्यात मनाचा दुबळेपणा नसतो. शरीराला दुष्काळ पडल्यासारखे वाटते आणि ते आपला बचाव करते.

भूक लागते कशी आणि थांबते कशी

जठर रिकामे झाले की तिथून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढते आणि मेंदूला भुकेचा निरोप जातो. जेवू लागल्यावर जठर ताणले जाते, आतड्यातून काही संप्रेरके सुटतात आणि ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूकडे निघतो. हा निरोप पोहोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. सात मिनिटांत ताट संपवणाऱ्याच्या मेंदूला पोट भरल्याचे कळते तेव्हा तो दुसऱ्यांदा भात घेऊन बसलेला असतो. थेरगाथेत सारिपुत्तांच्या नावे असलेल्या गाथांमध्ये एक साधी सूचना आहे. चार-पाच घास शिल्लक असतानाच थांबावे आणि पाणी प्यावे. उशिरा पोहोचणाऱ्या त्या निरोपासाठी ठेवलेली ही जागा आहे.

चरबीच्या पेशींतून लेप्टिन हे दुसरे संप्रेरक येते. शरीरात साठा पुरेसा आहे, असे ते मेंदूला सांगते. या दोन्हींवर झोपेचा थेट परिणाम होतो. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन रात्री फक्त चार तास झोपू दिल्यावर, दहा तास झोपू दिलेल्या दिवसांच्या तुलनेत त्यांचे घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आणि लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आढळले. भूक वाढली आणि ओढ होती ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहणाऱ्याला किंवा जागून अभ्यास करणाऱ्याला सकाळी पोह्यांऐवजी क्रीमरोल का हवा असतो, याचे उत्तर इथे आहे.

तिसरी गोष्ट पाकिटाची. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत कॅलरी, साखर, मीठ आणि तंतू सारखेच होते. हवे तेवढे खा, अशी मोकळीक होती. पाकिटातल्या अन्नाच्या दिवसांत माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. हे अन्न मऊ असते, चावावे लागत नाही, भराभर पोटात जाते. ते आपली मात्रा ओळखण्याची संधीच देत नाही.

आपल्या भुकेला इतिहास आहे

इथे आपल्या समाजाचा म्हणून एक वेगळा मुद्दा येतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढ्यांनी भूक पाहिली आहे. गावकीच्या कामाबदल्यात मिळालेल्या शिळ्या भाकरीवर दिवस काढले आहेत. या अन्नाची आठवण शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात नोंदवली आहे. अशा घरात भरलेले ताट हा सन्मान असतो. पाहुण्याला तिसऱ्यांदा वाढणे हे प्रेम असते. लेकराचे गाल भरलेले असणे ही आईची कमाई असते. ‘कमी खा’ हा शहाणपणा अशा घरात सहज उतरत नाही आणि उतरला नाही म्हणून त्या घराला अडाणी ठरवू नये.

या भुकेची खूण शरीरातही राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि नवजात बाळांचा दीर्घ अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपली बाळे हाडापेराने आणि स्नायूंनी लहान होती, पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने तितकीशी कमी नव्हती. बारीक दिसणारे, पण आतून चरबी धरून ठेवणारे असे हे शरीर आहे. पुढे याच शरीराला भरपूर साखर, मैदा आणि बैठे काम मिळाले की मधुमेह लवकर गाठतो.

म्हणूनच भारतीयांसाठी वजनाचे निकष वेगळे आहेत. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असे आपल्याकडचे डॉक्टर मानतात. बीएमआय काढणे सोपे आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. याहूनही सोपी म्हणजे शिवणकामाची टेप. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर सावध व्हावे. हातपाय काटकुळे असले तरी पोट सुटलेले असेल, तर धोका आहेच.

देशाचे चित्रही असेच दुहेरी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील सुमारे १९ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा कृश आणि २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या आढळल्या. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, या दोघी राहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. बाबासाहेबांनाही मधुमेहाने अनेक वर्षे छळले आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. हा आजार समाजातून काय हिरावून नेऊ शकतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

कार्यकर्त्याचा दिवस

चळवळीतल्या तरुणाचा दिवस आठवून पाहा. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी मोर्चा किंवा सरकारी कार्यालयातली हेलपाटी, चार वाजता वडापाव, बैठकीत पुन्हा चहा, रात्री अकराला घरी येऊन दिवसभराचे जेवण एकदम. स्पर्धा परीक्षेसाठी शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवसही फार वेगळा नसतो. दिवसभर शरीर उपाशी आणि झोपायच्या वेळी भरलेले, असे हे चक्र आहे. ते मोडण्यासाठी खर्चिक काही लागत नाही.

चहापासून सुरुवात करा. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, सुमारे ४० ते ५० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणतात. साखर एकदम बंद करू नका. पसेनदीचा घास आठवा. या आठवड्यात दोनाचे दीड, मग एक, मग अर्धा चमचा. जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते. थंड पेयाच्या २५० मिलीलीटरच्या बाटलीतही साधारण पाच-सहा चमचे साखर असते आणि द्रवातली साखर पोट भरल्याची जाणीव फारशी देत नाही.

सकाळी पोटभर आणि प्रथिने असलेले काही खा. प्रथिने आणि तंतू भूक जास्त वेळ धरतात. मोड आलेली मटकी, हरभरे, मुगाची उसळ, उकडलेले अंडे, शेंगदाणे, ताक, ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, सुकट, बोंबील, आणि घोळ, तांदुळजा, अंबाडी, पाथरी अशा भाज्या हे सगळे आपल्याच घरांतले अन्न आहे. कधीकाळी गरिबीचे म्हणून हिणवले गेलेले हेच अन्न आज दुकानात महाग दराने विकले जाते. त्याची लाज टाकून द्यायला हवी. इथे एक वस्तुस्थितीही सांगितली पाहिजे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा अमलात आल्यावर अनेक गरीब घरांतले स्वस्त प्रथिन गेले. मांसाहार करावा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. पण ताटातून प्रथिन गेले की त्याची जागा भात, बटाटा आणि बिस्किटे घेतात, हे लक्षात ठेवून डाळी, कडधान्ये आणि अंडी वाढवावी लागतील.

ताट वाढताना आधी भाजी आणि उसळ घ्या, भाकरी-भात नंतर. पहिल्यांदाच थोडे कमी वाढून घ्या. जेवताना मोबाईल बाजूला ठेवा. घास चावून खा आणि दुसऱ्यांदा घेण्याआधी दहा मिनिटे थांबा. खरी भूक आणि नुसती खा-खा यांतला फरक या थांबण्यातच कळतो. भाकरी-उसळही चालेल असे वाटत असेल तर ती भूक. फक्त वेफर्सच हवे असतील तर कंटाळा, ताण किंवा अपुरी झोप असण्याची शक्यता जास्त. विपश्यना करणाऱ्यांना हे नवे नाही. वेदना उठते, तिला पाहायचे, लगेच तिच्यामागे धावायचे नाही. खाण्याची ओढही उठते, काही मिनिटे राहते आणि ओसरते.

चालणे सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणे. वजन उतरवण्यात खाण्याचा वाटा मोठा, पण उतरलेले वजन टिकवण्यात चालण्याचा. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना सात टक्के वजन कमी करण्याचे आणि तेवढेच चालण्याचे उद्दिष्ट दिले, तेव्हा त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. सत्तर किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे पाच किलोही नाही.

‘नैसर्गिक’ नावाचा बाजार

‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे लिहिलेल्या डब्यांपासून सावध राहा. स्लिमिंग चहात बऱ्याचदा सोनामुखीसारखे रेचक असते. त्याने जुलाब होतात, पाणी जाते, काटा खाली येतो, चरबी तिथेच राहते. वजन घटवणाऱ्या गार्सिनियाच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. कोमट पाण्यातला मध चरबी वितळवत नाही, तीही साखरच आहे. असे डबे बरेचदा ओळखीच्या ताई-दादांकरवी, साखळी विक्रीतून येतात, म्हणून नाही म्हणणे अवघड जाते. चिकित्सा केल्याशिवाय काही स्वीकारू नका, हे कालाम सुत्त शिकलेल्या समाजाने या डब्यांनाही लावावे.

प्रत्येक वजनाचे कारण खाणे नसते, हेही ध्यानात घ्या. थायरॉइडचा विकार, पीसीओडी, स्टिरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधे यांनी वजन वाढते. अचानक वजन वाढले किंवा घटले तर आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. आणि कुणाच्या शरीरावर विनोद करू नका. टोमणे ऐकून माणूस लपून खातो, कमी खात नाही.

उपोसथ, विहार आणि आजचा सुदस्सन

अष्टशीलातील सहावे शील विकाल भोजनापासून दूर राहण्याचे आहे. उपोसथाच्या दिवशी मध्यान्हानंतर दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंत न जेवणे, हा मनाचा सराव आहे. वजन उतरवण्याची युक्ती म्हणून त्याकडे पाहू नये. पण आपण भुकेने खातो की सवयीने, हे त्या संध्याकाळी चांगले कळते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गर्भवती आणि स्तनदा मातांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हे करू नये. आधीच कृश असलेल्यांनीही करू नये. आणि उपोसथ सुटल्यावर ताट दुप्पट होणार असेल तर हेतूच हरवतो.

घरातला एक बदल पुरुषांनी करायचा आहे. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. उरलेले टाकवत नाही म्हणून कधी गरजेपेक्षा जास्त खाते आणि कधी काही उरतच नाही म्हणून उपाशी राहते. तिला मात्रा ओळखायला वावच मिळत नाही. सगळ्यांनी एकत्र बसून जेवणे आणि पसेनदीच्या स्वयंपाकघरासारखे शिजवतानाच माप ठरवणे, यातून दोन्ही प्रश्न हलके होतात.

उरलेले काम विहाराचे. वर्षावासात ग्रंथवाचनाला रोज माणसे जमतात. त्याच माणसांचा सकाळचा चालण्याचा गट सहज उभा राहतो. पौर्णिमेला विहारात एक वजनकाटा, एक टेप आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवता येते. आशाताईंना बोलावून तिशीच्या पुढच्या सगळ्यांची मधुमेहाची तपासणी करून घेता येते. जयंतीच्या भोजनदानात बुंदी आणि सरबतासोबत उसळ, काकडी आणि साधे पाणी ठेवता येते. आणि दोघादोघांनी मिळून एकमेकांचे सुदस्सन व्हायचे. दंड नाही, टोमणा नाही, जेवणाच्या वेळी एक आठवण.

१९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि दुसऱ्यांचे उष्टे-शिळे सोडण्याचे आवाहन केले. आपल्या लोकांनी तेव्हा काय खायचे आणि काय नाही हे स्वाभिमानाने, एकत्र ठरवले आणि गावोगाव निभावले. ज्या समाजाने भुकेपोटीही मान विकला नाही, त्याला पाकिटातल्या साखरेपुढे मात्रा राखणे जमेल. सुरुवात आजच्या जेवणातल्या शेवटच्या घासापासून करावी.

नमो बुद्धाय, जय भीम.